विश्लेषण: मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्स कार विकताना किंमत कशी ठरते? खर्च केलेले पैसे परत मिळतात का?

मार्च २०१९. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये अमेलिया आयलंड इथे झालेल्या लिलावात १९९४ सालची एक टोयोटा सुप्रा १ लाख ७३ हजार ६०० डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या दराने साधारण १ कोटी २० लाख रुपये. या गाडीची खासियत काय होती? ती फार कमी चाललेली होती आणि कारखान्यातून जशी बाहेर पडली, जवळपास तशीच राहिली होती.

जून २०२१. लास वेगासमधला लिलाव. पुन्हा १९९४ सालचीच सुप्रा. पण ही गाडी नारिंगी रंगाची, दोन्ही बाजूंना मोठी चित्रं, मागे उंच विंग, चाकं वेगळी, बॉडी किट वेगळं. तिची बोली गेली ५ लाख ५० हजार डॉलरवर, म्हणजे साधारण ४ कोटी रुपयांवर.

एका गाडीला हात न लावल्याचे पैसे मिळाले. दुसरीत एवढे बदल करूनही तिप्पट पैसे मिळाले. मग जुनी स्पोर्ट्स कार मॉडिफाय केली की तिची किंमत वाढते की कमी होते?

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जे ती विकायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लाखमोलाचा प्रश्न आहे. भारतात त्याला पैशांबरोबर कायद्याचीही बाजू आहे. सविस्तर समजून घेऊ.

सुप्राच्या दोन लिलावांमधून काय कळतं?

दुसऱ्या सुप्राचं उत्तर अनेकांनी ओळखलं असेल. 'द फास्ट अँड द फ्युरियस' या २००१ सालच्या सिनेमात अभिनेता पॉल वॉकरने चालवलेली ही गाडी. गंमत म्हणजे सुप्राचं ज्यासाठी नाव घेतलं जातं ते टर्बो इंजिन या गाडीत नव्हतंच. तिच्यात साधं, बिनटर्बोचं इंजिन होतं. म्हणजे घेणाऱ्याने पैसे मोजले ते वेगासाठी किंवा विंगसाठी नव्हे. मोजले ते सिनेमासाठी, आणि 'हीच ती गाडी' हे सिद्ध करणाऱ्या कागदांसाठी.

याहून मोठं उदाहरण १९६८ सालच्या फोर्ड मस्टँगचं आहे. 'बुलिट' या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ही गाडी. चित्रीकरणासाठी तिच्या सस्पेन्शनमध्ये बदल केले होते, कॅमेरा बसवण्यासाठी खाली जोडकाम केलं होतं. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने ती जाहिरात बघून ६ हजार डॉलरला घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, पण कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा शुल्कासह किंमत झाली ३७ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे साधारण २६ कोटी रुपये.

कुटुंबाने ते जोडकाम काढून टाकलं असतं, गाडी नव्यासारखी रंगवून चकाचक केली असती, तर ती मस्टँग राहिली असती, 'बुलिट'ची मस्टँग राहिली नसती. इथे बदल हाच पुरावा होता.

तिसरा प्रकार नामांकित कारागिरांचा. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी १९८९ ते १९९४ या काळातल्या पोर्शे ९११ घेते आणि त्या जवळपास नव्याने घडवते. या गाड्या १० लाख डॉलरच्या पुढे जातात. यात मूळ गाडी किती शिल्लक राहिली हा प्रश्न ग्राहक विचारतच नाही, कारण तो सिंगरचं काम विकत घेत असतो.

या तिन्ही गाड्यांमध्ये समान धागा एकच आहे. बदल कुणी केला, कधी केला आणि का केला, हे कागदोपत्री सिद्ध होतं. आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये हौसेने केलेल्या बदलांना हा नियम लागू होत नाही. तिथे पहिल्या सुप्राचा नियम लागू होतो: जितकी अस्सल, तितकी महाग.

अस्सल गाडी एवढी महाग का?

कारण ती दुर्मीळ झाली आहे. नव्वदच्या दशकातल्या जपानी स्पोर्ट्स कार तरुणांनी घेतल्या त्याच मुळी बदल करण्यासाठी. सुप्राचं टर्बो इंजिन प्रचंड ताकद सहन करतं, अशी ख्याती असल्याने हजारो गाड्यांची इंजिनं खोलली गेली. आज हात न लागलेली सुप्रा शोधावी लागते.

त्यात अमेरिकेचा २५ वर्षांचा नियम आहे. तिथे न विकली गेलेली परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की तिला अमेरिकेच्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते आणि ती आयात करता येते. निसान स्कायलाइन जीटी-आरचं 'आर ३४' हे मॉडेल जानेवारी १९९९ मध्ये आलं. त्यामुळे त्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या २०२४ पासून या नियमात बसू लागल्या. दरवर्षी एकेक साल खुलं होतं, मागणी वाढते, आणि मागणीत पहिला नंबर अस्सल गाड्यांचा लागतो.

आणखी एक साधं कारण आहे. अस्सल गाडीला गिऱ्हाईक जास्त. संग्राहक, पहिल्यांदाच जुनी गाडी घेणारा, आणि ज्याला स्वतःच्या मनासारखे बदल करायचे आहेत तोही अस्सल गाडीच शोधतो. मॉडिफाय केलेल्या गाडीला मात्र नेमकी तीच आवड असलेला माणूस भेटावा लागतो. तुम्हाला आवडलेलं स्टिअरिंग आणि कर्कश सायलेन्सर त्याला नको असेल, तर ते काढण्याचा खर्च तो मनातल्या मनात वजा करतो.

मग हिशेब मांडायचा कसा?

सर्वसाधारण चूक अशी होते: गाडी घेतली त्या किमतीत गॅरेजची बिलं मिळवायची आणि येणारा आकडा जाहिरातीत टाकायचा. बाजार उलट्या बाजूने मोजतो. तो अस्सल गाडीच्या किमतीपासून सुरुवात करतो आणि ही गाडी तिथपर्यंत परत न्यायला किती खर्च येईल, ते वजा करतो.

पहिली पायरी, मूळ किंमत. तेच मॉडेल, तेच साल, साधारण तेवढीच चाललेली, पण बदल न केलेली गाडी कितीला *विकली गेली*? कितीला विकायला ठेवली आहे, हा आकडा उपयोगाचा नाही. जाहिरातीत काहीही लिहिता येतं. अमेरिकेत ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलाव संकेतस्थळांवर झालेल्या सौद्यांच्या किमती सगळ्यांना दिसतात. हॅगर्टी ही विमा कंपनी गाडीची अवस्था १ ते ४ अशा चार पायऱ्यांमध्ये मोजते. १ म्हणजे स्पर्धेत ठेवण्याजोगी, ४ म्हणजे चालू आहे पण बरंच काम बाकी. बहुतेक मालकांना आपली गाडी २ वाटते आणि तपासणाऱ्याला ती ३ दिसते. भारतात असा खुला आकडा सहज मिळत नाही. त्यामुळे क्लबमधले जुने लोक, त्याच मॉडेलवर काम करणारे मेकॅनिक आणि अलीकडे प्रत्यक्ष सौदा केलेले मालक यांना विचारणं हाच मार्ग उरतो.

दुसरी पायरी, बदलांची तीन गटांत विभागणी.

*सहज उलटवता येणारे:* अलॉय व्हील, सीट, स्टिअरिंग, सायलेन्सर, म्युझिक सिस्टिम. बोल्ट खोलले की मूळ वस्तू परत बसते.

*खर्च करून उलटवता येणारे:* रंग, सस्पेन्शन, इंजिनमधले आतले बदल.

*उलटवता न येणारे:* छप्पर कापणं, रुंद टायर बसावेत म्हणून चाकांवरचा पत्रा कापून वेल्डिंग करणं, चेसिसला हात लावणं, मूळ इंजिन हरवणं. जुन्या गाड्यांच्या बाजारात चेसिस आणि इंजिनचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का, हे सर्वांत आधी पाहिलं जातं. मूळ इंजिन गेलं की ते पैसे देऊनही परत येत नाही.

तिसरी पायरी, काढलेल्या मूळ वस्तू. त्या माळ्यावर खोक्यात पडून असतील, तर तो गाडीच्या किमतीचाच भाग आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं मूळ स्टिअरिंग किंवा चाकांचा संच आज कंपनीकडे मिळेलच असं नाही.

आकड्यांत सांगायचं तर?

निव्वळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. एका जुन्या स्पोर्ट्स कारची अस्सल अवस्थेतली किंमत २० लाख आहे. मालकाने तिच्यावर ८ लाख खर्च केले. त्याच्या डोक्यातला आकडा २८ लाख.

पहिली शक्यता: मूळ वस्तू सांभाळून ठेवल्या आहेत. त्या परत बसवून मूळ रंग द्यायला अडीच लाख लागतील. काढलेल्या महागड्या वस्तू वेगळ्या विकल्या तर दीड लाख सुटतील. २० वजा अडीच अधिक दीड, म्हणजे १९. हा सगळा व्याप करण्याची तसदी म्हणून घेणारा लाखभर आणखी कमी करेल. गाडी १८ लाखांच्या आसपास जाईल.

दुसरी शक्यता: मूळ वस्तू भंगारात गेल्या. त्या शोधून, आणून बसवायला ६ लाख लागतील. हिशेब येतो साडेपंधरा. त्यात वस्तू मिळतीलच याची खात्री नाही, म्हणून घेणारा आणखी दीड लाख तोडतो. उरले १४.

तिसरी शक्यता: पत्रा कापला आहे, मूळ इंजिन नाही. आता ही गाडी २० लाखांच्या तक्त्यातच बसत नाही. तिची किंमत म्हणजे तिच्या सुट्या भागांची किंमत, आणि तिच्यावर जीव जडलेला एखादा ग्राहक मिळाला तर त्याच्या वर जे काही मिळेल ते.

गाडी एकच, खर्च तेवढाच. तरीही १८ आणि १४ यांत चार लाखांचा फरक पडला, तो माळ्यावरच्या खोक्यामुळे.

हा आकडा शेवटचा नसून खालची मर्यादा आहे. तुमच्यासारखीच आवड असलेला माणूस भेटला तर जास्त मिळू शकतात. पण खालची मर्यादा माहीत नसेल, तर पहिला देकार आला तेव्हा तो चांगला की वाईट, हेच कळत नाही.

विकण्याआधी गाडी मूळ रूपात आणावी का?

पहिल्या गटातल्या वस्तू घरात असतील तर जरूर. एखाद्या दिवसाच्या कामात गाडीला गिऱ्हाईक वाढतं आणि काढलेल्या वस्तू वेगळ्या विकता येतात. पण विक्रीसाठी म्हणून नवा रंग किंवा नवं इंजिनकाम काढू नये. ताज्या रंगाखाली काय दडलं आहे, अशी शंका अनुभवी ग्राहकाला आधी येते. त्यापेक्षा जुना रंग, खरी बिलं आणि कामाचे फोटो जास्त विश्वास देतात. ब्रेक, गळती, वायरिंग या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मात्र करूनच घ्याव्यात.

कायदा किंमत कसा ठरवतो?

इथपर्यंत झाला तो आवडीनिवडीचा हिशेब. पण बदललेली गाडी रस्त्यावर चालवता येते का, हे सरकार ठरवतं आणि त्याचा थेट परिणाम किमतीवर होतो. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी द्यावी लागते, त्यामुळे इंजिनात मनमानी बदल केलेली सुप्रा तिथे विकणं अवघड जातं. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठे बदल झालेले नसतील तरच.

भारतातला कायदा याबाबत बराच कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या आणि आरसीमध्ये नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. सीएनजी किट, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलणं, अपंग व्यक्तींसाठीचे बदल यांना ठरलेल्या चौकटीत मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे अमेरिकेत दुसरं इंजिन बसवलेली गाडी स्वस्तात का होईना, विकली जाते. भारतात परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल, तर आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही आणि मालकी हस्तांतरणच अडकू शकतं. तिथे प्रश्न किंमत कमी होण्याचा राहत नाही. गाडी कायदेशीरपणे विकता येते का, हाच प्रश्न असतो.

'व्हिंटेज' नोंदणीतही हाच निकष आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये आणलेल्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, फेरनोंदणीचं ५ हजार. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या गाडीचं छप्पर आज कापलं, तर ती या सवलतीवरही पाणी सोडते.

आणि नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचं काय? त्यांच्यासाठी या नियमांत वेगळा वर्ग नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढवलं. साध्या कारसाठी १० हजार रुपये, आयात केलेल्या चारचाकीसाठी तब्बल ८० हजार. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आयात केलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचं नूतनीकरण तोंडावर आलं असेल, तर घेणारा ८० हजार आधीच वजा धरतो. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासली जाते, त्यामुळे मॉडिफाय केलेल्या गाडीची खरी परीक्षा तिथे होते.

विम्यात लिहिलेली किंमत धरायची का?

नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यातली घोषित किंमत, पहिली ५ वर्षं ठरलेल्या घसाऱ्याने कमी होते. त्यानंतर ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे बाजारात भाव असलेल्या जुन्या गाडीची आयडीव्ही अनेकदा फारच कमी असते. जाणकाराकडून लेखी मूल्यांकन करून घेतलं, तर ते विमा आणि विक्री दोन्हीकडे उपयोगी पडतं. विमा कंपनीला न कळवता केलेले बदल असतील, तर मात्र अपघातानंतर दावा अडकण्याची शक्यता असते.

सौदा ठरल्यावर काय?

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात 'आरसी नंतर करू' हे वाक्य नेहमी ऐकू येतं. गाडीत नोंद नसलेले बदल असले की तर हमखास, कारण दोघांनाही आरटीओत जायचं नसतं. यात धोका विकणाऱ्याला आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. गाडी आधीच विकली होती, हा बचाव टिकला नाही.

त्यामुळे गाडी त्याच राज्यात विकली असेल, तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याची जबाबदारी आहे. फॉर्म २९ आणि ३० भरावे, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर एनओसी घ्यावी. केलेल्या प्रत्येक बदलाची यादी करून ती ग्राहकाच्या सहीने व्यवहाराच्या कागदाला जोडावी. नंतर 'मला सांगितलंच नव्हतं' हा वाद उरत नाही.

थोडक्यात, मॉडिफाय करूच नये का?

गाडी आपली, हौस आपली. पण बदल करतानाच दोन गोष्टी पाळल्या तर विकताना पस्तावावं लागत नाही. पत्रा, चेसिस आणि मूळ इंजिन यांना हात लावू नका. काढलेली प्रत्येक मूळ वस्तू आणि प्रत्येक बिल जपून ठेवा.

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. जुन्या गाडीच्या बाजारात ते शब्दशः खरं आहे. आपण हौसेवर घातलेल्या पैशांचं मोल घेणारा माणूस करत नाही. तो फक्त गाडी आणि तिचे कागद बघतो.